तारामतीबाईंचा प्रलंबित खडा

हैद्राबादेत नामपल्लीच्या त्या संचालनालयात आजही छातीठोकपणे सांगतात, की राज्य फुटायच्या वेळी रेकॉर्ड सेक्शनच्या तारामती उमरीकरबाईंनी आजाराचं सोंग घेतलं. आंध्राकडे टाकतील या धास्तीनं बाई जाऊन सरळ दवाखान्यात आडव्या झाल्या आणि यादी लागल्यावर ठणठणीत होऊन उठल्या. कॅन्टीनमध्ये ही गोष्ट सांगणारे त्या कशा उठल्या तेही करून दाखवतात. वाईट करतात. बाई उठताना आधी चष्मा चाचपतात आणि मग पाय, एवढं साधंसुद्धा त्यांना माहीत नाही.

सोंगाचा भाग खरा आहे. पण बाईंनी आजाराचं सोंग घेतलं नव्हतं. त्यांनी बरं असल्याचं सोंग घेतलं होतं, आणि तेही चांगलं चौदा महिने.

बाई तेव्हा चोपन्नच्या. एकतीस वर्षांची नोकरी आणि एकतीस वर्षांत एक रजा नाही. लग्न केलं नाही, कारण स्थळं तोंडी सांगून यायची. तोंडी गोष्टीवर बाईंचा विश्वास नाही. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागं धाकट्या भावाच्या, वसंतरावांच्या, घरात त्या राहतात आणि तिथंही ऑफिसच चालवतात. घरातल्या प्रत्येक माणसाची एक फाइल आहे. दूधवाल्याचीही आहे. वहिनी म्हणाली, "ताई, आज भाजी थोडी खारट झाली," तर बाई पुरावा मागावा तशा मान तिरकी करून विचारतात, "असं? कुठं लिहिलंय?" कुठल्याही कागदावर सही करण्याआधी त्या उजव्या कोपऱ्यात पान क्रमांक शोधतात. नसला तर कागद परत. वसंतरावांच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापखान्याकडे एकदा परत गेली होती म्हणतात. पत्रिकेला एकच पान होतं.

रजेचं भूत मात्र घराण्यातलं. छप्पन्न साली जुन्या हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा बाईंचे वडील नामदेवराव आणि थोरले काका एकनाथराव एकाच कचेरीत कारकून होते. घरातली कथा अशी, की वाटणीच्या आठवड्यात एकनाथरावांना मलेरिया झाला, ते आठ दिवस रजेवर गेले आणि परत येऊन बघतात तो त्यांची खुर्ची औरंगाबादला गेलेली. नामदेवराव हजर होते, म्हणून हैद्राबादेत राहिले. झालं. तेव्हापासून उमरीकरांच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवतात: राज्य फुटतं तेव्हा रजेवर जायचं नाही.

आणि दोन हजार तेरा साली राज्य पुन्हा फुटायला लागलं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ऑफिसात आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं. फुकट होतं, म्हणून सगळ्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घेतली. बाईंच्या पित्ताशयात खडे निघाले, बारीक बारीक, मूठभर. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं सांगितलं, की दुखत असेल तर पिशवी काढून टाका, एखादा खडा नळीत सरकला तर महागात पडेल. बाईंनी रिपोर्ट घेतला, घरी आल्या, स्वतःच्या नावाची फाइल काढली, रिपोर्टला पान क्रमांक दिला आणि समोरच्या कोऱ्या कागदावर हिरव्या शाईनं शेरा मारला. काय मारला ते पुढं येईलच. घरात कुणाला अवाक्षर कळलं नाही.

खडे मात्र बाईंच्या शिस्तीतले नव्हते. महिन्यादोन महिन्यांनी बरगडीखाली कळ यायची. पुढं वाकलं की जरा बरं वाटायचं, हा शोध बाईंनी स्वतःच लावला आणि लगेच कामाला जुंपला. कळ आली की त्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातली फाइल शोधायला वाकायच्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हे फक्त सेक्शनचे अटेंडर, म्हणजे शिपाई, जहांगीरभाईंच्या ध्यानात आलं.

"मॅडम," ते एकदा म्हणाले, "वो नीचे का कप्पा पचास साल में इत्ता साफ कभी नै हुआ. मेरेकू डर लगरा."

"कैकू डरते? काम है."

"इक्यानवे का चूहा मारने का बिल ढूंडने कू बीस मिनट? तबीयत दिखाओ ना मॅडम."

"नक्को. मेरेकू कुछ नै होरा," बाई कपाटाच्या आतून म्हणाल्या.

चौदाचा मे उजाडला. जूनच्या दोन तारखेला दोन राज्यं होणार होती आणि संचालनालयात फायलींचे ढीग पडले होते: एक तेलंगणाचा, एक आंध्राचा, आणि एक दोघांचा, म्हणजे झेरॉक्सचा. माणसांचेही तसेच ढीग पडणार, असं सगळे म्हणत होते, फक्त माणसांची झेरॉक्स निघत नव्हती. शेजारच्या सेक्शनचे सुपरिंटेंडेंट प्रभाकर राव यांनी तर सिद्धांतच मांडला होता, "माणसं वाटणारी समिती शिरगणतीला येईल त्या दिवशी जो खुर्चीत, तो इकडं. जो रजेवर, तो तिकडं." कुठं लिहिलंय, असं बाईंनी त्यांना विचारलं नाही. आयुष्यात तेवढंच एक विचारायचं त्या विसरल्या, कारण हे घरात आधीच लिहून ठेवलेलं होतं.

तिकडं म्हणजे कुठं, तेही धड कुणाला माहीत नव्हतं. आंध्राची नवी राजधानी अजून ठरायची होती. म्हणजे अजून नसलेल्या गावी बदली, आणि बाईंचं तेलुगू भाजीच्या गाडीपुरतं. "एंत? वद्दु. तग्गिंचु." किती, नको, कमी कर. एवढ्या भांडवलावर माणूस कोथिंबीर आणू शकतो, संसार हलवू शकत नाही.

शिरगणती सोमवारी ठरली. आधीच्या शुक्रवारी, जे बहुतेक जाणारच होते त्यांना निरोपाचं जेवण होतं. बगारा खाना, तेलात पोहणारं मिर्ची का सालन, वर तुपात निथळलेलं डबल का मीठा. बाईंनी नको म्हटलं असतं तर कुणीतरी "काय बरं नाही का?" असं विचारलं असतं. म्हणून बाई जेवल्या. बरं असलेल्या माणसासारख्या, दोनदा वाढून घेऊन.

संध्याकाळी घरी येऊन त्या देवघरासमोर बसल्या त्या वाकून बसल्या. वहिनीला वाटलं नमस्कार करतायत. नमस्कार पाऊण तास चालला तेव्हा वसंतराव उठून बघायला आले. बाईंचा चेहरा राखेसारखा, कळ पोटातून आरपार पाठीत गेलेली, आणि तरी पहिलं वाक्य: "सोमवारपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

शनिवारी सकाळी बाईंचे डोळे हळदीच्या पाण्यात भिजवल्यासारखे पिवळे, आणि मे महिन्यातल्या हैद्राबादेत बाई दोन रजया पांघरून दात वाजवत होत्या. वसंतराव हा आयुष्यभर ताईच्या शेऱ्याशिवाय पाऊल न टाकलेला माणूस. त्या दिवशी मात्र त्यांनी कुणालाही न विचारता ऑटो आणली.

पोटाच्या त्या मोठ्या दवाखान्यात डॉ. वेणुमाधव म्हणून होते, हळू बोलणारे, दर दुसऱ्या वाक्याला आदराचं "अंडी" लावणारे. रक्त तपासलं, पोट पाहिलं आणि त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

"चूडंडी मॅडम, ये पित्त की नली, ये पँक्रियाज की नली. दो नली, लेकिन आंत में खुलने का दरवाजा एकच. उस दरवाजे में आपका पत्थर बैठ गया अंडी."

बाईंनी चित्राकडं तज्ज्ञासारखं पाहिलं. "म्हणजे दोन सेक्शन आणि आवक-जावकची खिडकी एक. खिडकीत कुणीतरी अडून बसलंय."

"करेक्ट अंडी! इधर पित्त रुक गया, उसमें इन्फेक्शन हो गया, इसलिए बुखार और पीलिया. उधर पँक्रियाज सूज गया. सलाईन, अँटिबायोटिक चालू है, लेकिन दरवाजा खोलना पडेगा. पेट काटने का नहीं. मुंह से दुर्बीण डालेंगे, दरवाजा थोडा चीर के पत्थर निकालेंगे. ईआरसीपी बोलते. आज शाम को करेंगे."

"सोमवारी संध्याकाळी करा," बाई म्हणाल्या. "सकाळी माझी ऑफिसात सही आहे."

डॉक्टरांना वाटलं, ताप डोक्यात गेला. वसंतरावांना माहीत होतं, की हे डोकं नेहमीचंच आहे.

संमतीपत्र आलं. बाईंनी उजवा कोपरा पाहिला. पान क्रमांक नाही. परत. नर्सनं पेनानं एक, दोन, तीन घालून आणले. बाई म्हणाल्या, दुसऱ्या पानावर 'वरीलप्रमाणे' लिहिलंय, वर काहीच नाही. परत. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, यात मृत्यू हा शब्द दोनदा आलाय, तो एकदा पुरत नाही का? एकतीस वर्षं ज्या कलेनं त्यांनी दुसऱ्यांच्या फायली रखडवल्या, ती सगळी कला त्या दिवशी त्यांनी स्वतःचा जीव रखडवण्यासाठी पणाला लावली. दुपार गेली. संध्याकाळी ताप एकशे तीन.

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले. वसंतराव घरी गेले, कपाट उघडलं आणि 'तारामती – वैयक्तिक' ही फाइल घेऊन आले. डॉक्टरांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून वसंतरावांनीच हिरव्या शाईतला तो शेरा मोठ्यानं वाचला. निम्म्यावर त्यांचा आवाज फाटला.

"'पित्ताशयात खडे आढळले. तूर्त तातडी दिसत नाही. राज्य विभाजन पूर्ण झाल्यावर पुन्हा सादर करावे.' ताई! चौदा महिन्यांपूर्वीची तारीख आहे ही!"

"तारीख घालतेच मी," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"पुन्हा सादर करावे? कुणाला? सादर करणारी तूच, मंजूर करणारी तूच!"

"म्हणून तर लवकर होत नव्हतं," बाई म्हणाल्या. आणि हे त्या विनोदानं म्हणाल्या नव्हत्या.

वसंतराव रडले. वहिनीनं देवाची शपथ घातली, पण देवाच्या शपथेला क्रमांक नसतो. डॉक्टरांनी आकडे सांगितले, रक्तात जंतू गेले तर मूत्रपिंडं जातील म्हणाले. बाई ऐकून घेत होत्या आणि मधेच बोटं मोजत होत्या. रविवार एक, सोमवार दोन. त्यांना मरायची भीती नव्हती असं नाही. घाम फुटला होता, वहिनीचा हात सोडत नव्हत्या. पण मरणं त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं, आणि औरंगाबादचे काका दर लग्नाला येऊन "आमचं हैद्राबाद, आमचं हैद्राबाद" करत डोळे पुसायचे, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं.

रविवारी सकाळी जहांगीरभाई आले. हातात मोसंबी, जी खायला बाईंना मनाई होती. खाटेशी उभे राहिले, पिवळे डोळे पाहिले, तीन पानी संमतीपत्र पाहिलं.

"मॅडम, आप साइन नै करे कते."

"जहांगीर, कल गिनती है. मैं नै दिखी तो उधर डाल देंगे."

"हौ, डाल देंगे." जहांगीरभाईंनी मोसंबी टेबलावर ठेवली. "लेकिन मॅडम, मैं तीस साल से अलॉटमेंट की फायलां ढोरा. मुर्दे का अलॉटमेंट नै देखा. न इधर, न उधर. उसकी फाइल क्लोज करते, बांध के नीचे के कप्पे में रखते. वो कप्पा तो आप साफ करकेच रखे."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग चष्मा चाचपला.

"पेन द्या," त्या म्हणाल्या. "हिरवं."

हिरवं नव्हतं. नर्सच्या निळ्या पेनानं बाईंनी तिन्ही पानांवर सह्या केल्या आणि शेवटी लिहिलं: 'पाहिले. मंजूर. तातडीचे समजावे.' तातडीचे या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. एकतीस वर्षांत त्यांनी हा शब्द स्वतःसाठी पहिल्यांदा वापरला.

पुढचं काम तासाभराचं. बाईंना गुंगी दिली, डाव्या कुशीवरून जवळजवळ पालथं झोपवलं आणि ज्यातून आजवर फक्त हरकती बाहेर आल्या त्या तोंडातून दुर्बीण आत गेली. अन्ननळी, जठर, आतडं, आणि तिथं ते एकुलतं एक दार, सुजून गच्च झालेलं. डॉक्टरांनी तारेनं त्याला बारीक चीर दिली तेव्हा दारातला खडा सुटला आणि तुंबलेलं पित्त पुवासकट भसकन वाहिलं. नळीत रंग सोडून एक्स-रेवर पाहिलं, मागं दोन खडे अजून बसलेले. फुगा फुगवून ओढले, तेही आले. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "तीन पत्थर. सबसे बडा ज्वारी के दाने जितना अंडी." वसंतरावांना ते पटेना. इतका मोठा गोंधळ, त्याला निदान लिंबाएवढा तरी खडा हवा होता. पण संचालनालयातही असंच असतं. सगळं अडवून धरणारा माणूस साधारणपणे बारीकच असतो.

सोमवारी दुपारपर्यंत ताप उतरला. बाईंचे डोळे अजून पिवळे, पोट अजून हुळहुळं, पण शुद्ध पूर्ण. पहिला प्रश्न: "गिनती?"

जहांगीरभाईंनी फोनवरून सांगितलं ते वहिनीनं जसंच्या तसं पोहोचवलं. शिरगणती झालीच नाही. सगळे नऊ वाजल्यापासून खुर्च्या धरून बसले होते, लघवीलाही आळीपाळीनं जात होते. समिती आली नाही. समितीचे अध्यक्ष रजेवर होते.

नवी तारीख पडली, पुढचा सोमवार.

आणि गुरुवारच्या राउंडला डॉ. वेणुमाधव म्हणाले, स्वादुपिंड शांत होतंय, आता पित्ताशयाची पिशवी याच मुक्कामात काढून टाकू. नळी साफ झाली, पण खड्यांचा कारखाना चालूच आहे. आज सोडलं तर महिन्याभरात पुन्हा याल. सर्जनकडं जागा आहे. सोमवारी सकाळी.

वसंतरावांनी डोळे मिटून घेतले.

इथं हे लिहिणारीला आणणं भाग आहे. ती वसंतरावांची मुलगी, बाईंची भाची, वय सोळा, माणसांचे आवाज काढायचा नाद. त्या गुरुवारी ती वॉर्डातल्या नर्सांना "असं? कुठं लिहिलंय?" करून दाखवत होती, चष्मा चाचपण्यासकट, आणि पडद्यामागून आत्यानं सगळं ऐकलं. आत्या रागावली नाही. म्हणाली, "मान आणखी डावीकडं घे." मग पैज लागली. भाची म्हणाली, सोमवारी तू सलाईन उपसून ऑफिसात पळणार. तसं झालं तर आत्यानं भाचीच्या मराठी शुद्धलेखनावर हिरवी शाई चालवणं कायमचं बंद करायचं. आत्या न पळाली तर भाचीची शिक्षा आत्या ठरवणार. आत्याला पुरतं ओळखणारं सगळं घर भाचीच्या बाजूनं होतं.

शनिवारी औरंगाबादहून इंदुताई आल्या. एकनाथरावांची मुलगी, बाईंची चुलत बहीण, आवाज उरुसाच्या गर्दीतही ऐकू जाईल असा. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, शिरगणती, खुर्ची, छप्पन्नचा मलेरिया, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"मलेरिया? कसला मलेरिया गं तारा? बाबांनी स्वतः अर्ज दिला होता औरंगाबादला. आईचं माहेर तिथलं."

"काका तर म्हणायचे, मला टाकलं म्हणून."

"मग काय म्हणणार? नामदेवकाकांना म्हणतील, तुझ्यासोबत एका चुलीवर राहवेना म्हणून गेलो? मलेरिया बरा. मलेरियाला कुणी भांडत नाही."

बाईंनी तोंड उघडलं. सवयीनं.

"कुठं लिहिलंय?"

"अर्जाची नक्कल आहे आमच्याकडं," इंदुताई म्हणाल्या. "बाबाही तुझ्यासारखेच होते. मुलाला सांगते, फोटो पाठवायला."

तासाभरात इंदुताईंच्या फोनवर फोटो आला. पिवळा कागद, मोडीसारख्या वळणाची सही, आणि कोपऱ्यात पान क्रमांक. बाईंनी तो मोठा करून करून पाहिला. अठ्ठावन्न वर्षं जिच्या भीतीनं हे घर तापात हजर राहिलं, बाळंतपणं उरकून हजर राहिलं, ती रजा कधी झालीच नव्हती. फोन परत दिला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. भाचीला वाटलं, झोपल्या. बाईंचे खांदे हलत होते. हसून की रडून, हे त्यांनी नोंदवलेलं नाही, म्हणून इथंही नाही.

सोमवारी सकाळी आठ वाजता भाची पैज जिंकायला दवाखान्यात गेली. खाट रिकामी होती. ती टाळी वाजवणार, एवढ्यात नर्सनं सांगितलं, आत नेलंय, ऑपरेशनला. उशाखाली एक पाकीट होतं, जहांगीरभाईंच्या हाती पाठवायचं. त्यात बाईंच्या आयुष्यातला पहिला रजेचा अर्ज. एकवीस दिवस, आधीच्या सोमवारपासून धरून. कारण: पित्ताशय काढणे. सही, तारीख, पान १ पैकी १.

शिरगणती त्या दिवशी खरंच झाली आणि प्रभाकर राव सकाळी सातपासून खुर्चीत होते. दीड वर्षानं यादी लागली, ती मूळ गाव आणि सेवाज्येष्ठता पाहून लागली. त्या सोमवारी कोण खुर्चीत होतं, हे कुणी पाहिलंही नाही. प्रभाकर राव तिकडं गेले. बाई अजून नामपल्लीतच आहेत, आणि आता वर्षातून दोनदा रजा घेतात, मुद्दाम, काहीही कारण नसताना.

राहिली पैज. पिशवी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यानं भाचीला जवळ बोलावलं, चष्मा चाचपला आणि शिक्षा सांगितली. तोंडी नक्कल कायमची बंद. आत्याबद्दल जे काही सांगायचं ते लेखी, मराठीत, आणि प्रत्येक पानावर क्रमांक घालून.

हे पान सहा.